पिल्लू आणायचंय? आधी रिकामी दोरी फिरवा!

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी आई-बाबांपुढे एकदा तरी हट्ट धरलाय, "आपण कुत्र्याचं पिल्लू आणूया ना!" हात वर करा पाहू. अरे बापरे, जवळजवळ सगळेच! आणि "नाही म्हणजे नाही" असं उत्तर किती जणांना मिळालंय? पुन्हा तेच हात!

आज मी तुम्हांला 'खारी' नावाच्या एका छोट्या कुत्रीची खरीखुरी हकिगत सांगणार आहे. ती ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा, की आई-बाबांचं 'नाही' बरोबर असतं की तुमचं 'हो'.

पाइपातली तीन पिल्लं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी बहीण पुण्यात राहते, सिंहगड रस्त्याच्या बाजूला, एका जुन्या तीन मजली इमारतीत. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा सहावीत होती. जुलैचा पहिला आठवडा. रात्रभर पाऊस नुसता कोसळत होता. सकाळी शाळेला निघालेल्या भाचीला शेजारच्या बांधकामावरून बारीक आवाज ऐकू आला. कुईं... कुईं... तिथे सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. एका पाइपात पाणी शिरलं होतं आणि आत तीन पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून कुडकुडत होती.

भाची आत हात घालणार, तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी ओरडल्या, "थांब! हात लावू नकोस. आधी त्यांची आई कुठे आहे ते बघू."

या आजी गेली कित्येक वर्षं गल्लीतल्या कुत्र्यांना भाकरी घालतात, त्यामुळे त्यांना यातलं बरंच कळतं. रस्त्यावर एकटं पिल्लू दिसलं, की आपल्याला वाटतं ते अनाथ आहे. पण पुष्कळदा त्याची आई खाणं शोधायला गेलेली असते. आपण पिल्लू उचलून नेलं, तर आपण त्याला वाचवत नाही, उलट त्याची आई तोडतो. शिवाय आई परतली आणि तिनं आपल्याला पिल्लांजवळ पाहिलं, तर ती चावायलाही धावेल. म्हणून आधी लांब उभं राहून वाट पाहायची. लगेच धोका दिसला, तर मोठ्या माणसाला बोलवायचं.

इथे मात्र वॉचमनकाकांनी सांगितलं, की पिल्लांची आई दोन दिवसांपूर्वी गाडीखाली सापडली. मग आजींनी जुना टॉवेल आणला, पिल्लांना एकेक करून बाहेर काढलं, कोरडं केलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं.

ही कुठल्या जातीची?

दुपारी खोकं जनावरांच्या दवाखान्यात गेलं. डॉक्टरांनी पिल्लांची तोंडं उघडून पाहिली. "दुधाचे दात आलेत. साधारण सहा आठवड्यांची असतील," ते म्हणाले. पिल्लाचं वय असं दातांवरून कळतं, बरं का! जन्मतः पिल्लू आंधळं आणि बहिरं असतं. साधारण दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, मग कान ऐकू लागतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दात डोकावतात. दुधाचे दात २८ असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून ४२ पक्के दात येतात. म्हणजे माणसापेक्षा तब्बल दहा जास्त!

तिघांचे तीन रंग होते. एक काळा कुळकुळीत. दुसरा भुरा. तिसरी सगळ्यांत लहान, खारी बिस्किटाच्या रंगाची, लांब केसांची, आखूड पायांची. एक कान उभा, एक पडलेला. आई तर साधी गावठी, लाल-तांबूस रंगाची होती. मग हे लांब केस आले कुठून?

"बाप किंवा आजोबा कुणीतरी पॉमेरेनियन असणार," डॉक्टर हसून म्हणाले, "पण नक्की कुणी सांगावं! एकाच वेतातल्या पिल्लांचे बापसुद्धा वेगवेगळे असू शकतात."

यालाच मिश्र जातीचं पिल्लू म्हणतात. ते मोठं झाल्यावर केवढं होईल, कान उभे राहतील की पडतील, आवाज कसा असेल, हे आधी कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. मला विचाराल तर यातच खरी गंमत आहे. बंद पाकिटासारखं! पण पाकिटातून काय निघेल ते आवडून घ्यायची तयारी हवी. 'पिल्लू छोटं आहे म्हणून आणलं, आता मोठं झालं म्हणून नको,' असं म्हणून चालत नाही.

दोन गेले, एक उरली

काळ्याला दुसऱ्याच दिवशी घर मिळालं. भाजीवाल्या काकांनी त्याला आपल्या शेतावर नेलं. त्यांच्याकडे पूर्वीही कुत्री होती. "लस टोचून घेतो, काळजी नको," असं त्यांनी आपणहून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी भुरा गेला. पलीकडच्या इमारतीतल्या एका मुलाचा वाढदिवस होता. त्याच्या घरच्यांनी भुऱ्याच्या गळ्यात लाल रिबिन बांधली आणि त्याला मुलाच्या हातात ठेवलं. मुलगा आनंदानं नाचायचाच बाकी होता!

उरली खारी. येणारे-जाणारे तिला उचलायचे, "किती गोड!" म्हणायचे आणि मग विचारायचे, "मादी आहे का? मग नको." का नको? तर पुढे पिल्लं होतील म्हणून. अहो, पण त्यावर सोपा उपाय आहे. कुत्री साधारण सहा महिन्यांची झाल्यावर डॉक्टरांना विचारून योग्य वेळी तिची नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेता येते. मग पिल्लं होत नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाला छोटी खाच पाडतात, ती तुम्ही कदाचित पाहिली असेल. नाक मुरडणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

भाचीनं अर्थातच घर डोक्यावर घेतलं. "बाबा, खारीला आपण आणूया ना! मी सगळं करीन. शप्पथ!"

बाबांची अट

तिचे बाबा रागावले नाहीत. 'नाही'सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी माळ्यावरून एक सुती दोरी काढली आणि तिच्या हातात दिली.

"ही घे. उद्यापासून पंधरा दिवस रोज सकाळी साडेपाचला उठायचं, ही दोरी घेऊन खाली जायचं आणि वीस मिनिटं फिरून यायचं. शाळेतून आल्यावर पुन्हा. रात्री झोपायच्या आधी पुन्हा. मैत्रिणीकडे जायच्या आधी घरी येऊन अर्धा तास थांबायचं. पंधरा दिवस जमलं, तर खारी आपली."

"पण दोरीला कुत्रं कुठंय?"

"कुत्रं आल्यावर दोरी फिरवता येणार नाही, असं कळलं तर कुत्र्याचं काय करायचं? दोरीचं काय, ती परत माळ्यावर टाकता येते."

मित्रांनो, कल्पना करा! सकाळी पावणेसहाला भर पावसात एक मुलगी रेनकोट घालून रिकामी दोरी ओढत चालली आहे. दूधवाले विचारायचे, "काय गं, कुत्रं पळालं वाटतं?" मुलं तर चिडवून चिडवून हैराण करायची. चौथ्या दिवशी भाचीला जागच आली नाही. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कॅलेंडरवर एक फुली मारली आणि एक दिवस वाढवला.

संध्याकाळी ती आजींकडे खारीशी खेळायला जायची. खारीला पहिल्याच दिवशी जंताचं औषध मिळालं होतं आणि आठवड्यानं पहिली लस टोचून झाली. भाचीनं एक वही केली. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला खर्च: लस, औषध, खाणं, पट्टा. हिशेब पाहून ती बाबांना म्हणाली, "बाबा, हे माझ्या खाऊच्या पैशात नाही बसत." बाबा म्हणाले, "नाहीच बसणार. म्हणून तर पिल्लू एकट्याचं नसतं, सगळ्या घराचं असतं."

भुऱ्याचं काय झालं?

आता जरा कठीण भाग सांगायचा आहे. पण तो गाळला, तर ही हकिगत खोटी होईल.

बाराव्या दिवशी सकाळी भाची दोरी घेऊन खाली उतरली, तर पार्किंगमध्ये स्कूटरखाली भुरा! गळ्यात तीच लाल रिबिन, आता मळलेली. रात्री कुणीतरी त्याला गुपचूप आणून ठेवलं होतं. तो घरभर शी-शू करतो, रात्री रडतो, सोफा कुरतडतो, अशा तक्रारी त्या घरातून आठवडाभर ऐकू येतच होत्या. हे सगळं तर प्रत्येकच पिल्लू करतं. पण हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. लसही दिलेली नव्हती.

भुरा शेपूट हलवत नव्हता. उलट्या होत होत्या, पातळ शी होत होती आणि तिच्यात रक्त होतं. आजींनी त्याला उचलून सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पार्व्हो."

पार्व्हो हा विषाणूचा आजार आहे. १९७८ च्या सुमारास तो जगाला माहीत झाला आणि थोड्याच काळात देशोदेशी पसरला. तो माणसांना होत नाही, पण लस न घेतलेल्या लहान पिल्लांचा काळ असतो. आजारी कुत्र्याच्या शीमधून तो पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकून राहतो. आपल्या चपलांना लागूनही तो घरात येऊ शकतो. नेहमीच्या फिनेलला तो दाद देत नाही. ब्लीचच्या पाण्यानं जागा धुवावी लागते.

तीन दिवस भुऱ्याला सलाइन लावलं. आजी त्याच्याजवळ बसून होत्या. भाचीला डॉक्टरांनी आत येऊ दिलं नाही, कारण ती खारीला भेटत असे. चौथ्या दिवशी पहाटे भुरा गेला.

तो वाढदिवसाचा मुलगा बातमी ऐकून जिन्यात बसून हमसून हमसून रडला. भाचीला आधी त्याचा खूप राग आला होता. पण त्याला रडताना पाहून तिचा राग निवला. खरंच, त्याची काय चूक होती? त्यानं पिल्लू मागितलंसुद्धा नव्हतं. ते त्याच्या हातात आणून ठेवलं होतं, आणि त्याला न विचारता नेऊनही टाकलं होतं.

खारी वर आली

भुरा सापडला त्याच सकाळी प्रश्न पडला, खारीचं काय? तिला लसीचा एकच डोस मिळाला होता आणि एका डोसानं पूर्ण संरक्षण मिळत नाही. आजी भुऱ्याची शुश्रूषा करणार, म्हणजे खारीला त्यांच्या घरात ठेवणं धोक्याचं. तेव्हा भाचीचे बाबा चपला दाराबाहेर काढून, हातपाय साबणानं धुऊन, कपडे बदलून आले. त्यांनी खारीला टॉवेलात गुंडाळलं आणि दुसऱ्या मजल्यावर आणलं.

"पण बाबा, पंधरा दिवस अजून कुठे झालेत?" भाची म्हणाली.

"राहिलेले दिवस आता भरलेल्या दोरीनं पूर्ण कर," बाबा म्हणाले.

अर्थात लगेच रस्त्यावर नाही हं! डॉक्टरांनी बजावलं होतं, की लसी पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावरच्या मातीत सोडायचं नाही. म्हणून दोरी फिरली ती गच्चीवर. आणि रोज थोडा वेळ तिला कडेवर घेऊन भाची फाटकापाशी उभी राहायची, रिक्षा, सायकली, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, छत्र्या दाखवायला. कारण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, त्याची त्याला भीती वाटेनाशी होते. या दिवसांत अंधाऱ्या खोलीत कोंडलेलं पिल्लू पुढे भित्रं, नाहीतर चिडकं होऊ शकतं.

पिल्लू घरी आलं, आता काय?

खारीमुळे भाचीच्या घरी जे जे शिकायला मिळालं, ते तुमच्यासाठी थोडक्यात सांगते.

*पहिली रात्र.* पिल्लू रडतंच. काल ते भावंडांना चिकटून झोपत होतं, आज एकटं पडलंय. त्याला रागवू नका. त्याच्या जुन्या जागेचं एखादं फडकं अंथरुणात ठेवा, ओळखीचा वास त्याला धीर देतो. आणि त्याला झोपू द्या. लहान पिल्लू दिवसातून अठरा तासांच्या आसपास झोपतं. पाहुण्यांना दाखवायला सारखं उठवू नका.

*शी-शू.* झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच त्याला ठरलेल्या जागी न्या. तिथे जुनं वर्तमानपत्र पसरा. जागेवर केली, की शाबासकी द्या. चुकलं, तर गुपचूप पुसून टाका. त्याचं नाक त्यात घासणं, फटके देणं हा अडाणीपणा आहे. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की या माणसांना घाबरायला हवं.

*खाणं.* लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. वाटीभर गाईचं दूध ठेवलं म्हणजे झालं, असं नाही. पुष्कळ पिल्लांना त्यानं जुलाब होतात. काय आणि किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण हे तर मुळीच नको, ते कुत्र्यांना विषारी आहे. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही देऊ नका, त्यांच्या टोकदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. ताज्या पाण्याचं भांडं मात्र नेहमी भरलेलं हवं.

*लसी.* पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, चार महिन्यांची होईपर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. पुढच्या वर्षीपासून डॉक्टर सांगतील तशी. जंताचं औषधही वेळेवर. तारखा वहीत लिहा, लक्षात ठेवायच्या भरवशावर राहू नका. आणि गोचिडी दिसल्या तर रॉकेल वगैरे चोळू नका, डॉक्टरांकडे न्या.

*कुरतडणं.* दात बदलताना हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू दिसेल ते चावतं. खारीनं बाबांची नवी कोल्हापुरी चप्पल फस्त केली. बाबांनी उरलेली एक चप्पलही तिलाच देऊन टाकली! चावायला तिची अशी हक्काची वस्तू द्या, आणि आपल्या वस्तू उचलून ठेवायची सवय लावून घ्या. (आईला याचा फार आनंद होईल!)

चावलं तर लपवू नका!

ही गोष्ट ठळक अक्षरांत मनावर कोरून ठेवा. कुठलंही कुत्रं किंवा पिल्लू चावलं, त्याचा दात लागला, नखानं ओरखडा उठला, तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं! तिला चुना, हळद, मिरची असलं काहीही लावू नका. मोठ्यांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शनं पूर्ण करा.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टळतो. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला, पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर, ही लस दिली आणि तो वाचला. तेव्हा जे एका मुलाला मिळालं, ते आज आपल्या सरकारी दवाखान्यांतही मिळतं. मग भ्यायचं कशाला?

'गावठी' म्हणून नाक मुरडू नका

"पाळायचंच तर लॅब्रेडॉर पाळा, हे काय गावठी आणलंय?" असं म्हणणारे काका-काकू तुम्हांलाही भेटतील. त्यांना अंतराळाची गोष्ट सांगा. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी पृथ्वीभोवती फिरणारा पहिला प्राणी ठरली ती लायका. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची मिश्र जातीची कुत्री होती. तिला परत आणायची सोयच यानात नव्हती. यान तापल्यामुळे ती काही तासांतच मरण पावली, हे २००२ साली उघड झालं. फार दुःखाची गोष्ट आहे ती. पण १९६० च्या ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्ट्रेल्का या दोघी पृथ्वीला प्रदक्षिणा घालून सुखरूप परतल्या. त्याही रस्त्यावरच्याच! पुढे स्ट्रेल्काला सहा पिल्लं झाली. त्यांतलं एक, पुशिंका, १९६१ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी भेट म्हणून गेलं.

आणि आपल्याकडे? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे संत नामदेव तुम्हांला ठाऊक आहेतच. कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल, एवढीच नामदेवांना काळजी. ते कुत्रं कुठल्या जातीचं, असं काही त्यांनी विचारल्याचं गोष्टीत नाही!

आई-बाबांसाठी चार शब्द

आता हे पान जरा आई-बाबांकडे द्या.

पिल्लू ही वाढदिवसाची भेटवस्तू नव्हे. ते बारा-चौदा वर्षं आपल्या घरात राहणार असतं. मूल कितीही शपथा घेवो, परीक्षेच्या दिवसांत आणि तापाच्या दिवसांत ते काम आपल्याच अंगावर येणार, हे धरून चाला. मे महिन्यात गावी जाताना त्याला कोण सांभाळणार, घरात कुणाला केसांची ॲलर्जी आहे का, घर भाड्याचं असेल तर घरमालकांची हरकत नाही ना, हे आधी बोलून घ्या. लहान मुलांना आणि पिल्लाला एकटं सोडू नका. दोघंही लहान असतात, दोघांनाही आपली ताकद कळत नाही.

महापालिकेकडे कुत्र्याची नोंद करावी लागत असेल, तर ती करा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलं आहे. पण शेजाऱ्यांना त्रास होऊ न देणं, फिरायला नेल्यावर घाण उचलणं हे आपलं काम. आणि पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरायला रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. नाहीच जमलं, तर लपूनछपून सोडू नका. ज्यांच्याकडून आणलं त्यांना सांगा, मदत मागा. त्यात कमीपणा नाही.

चौदा हजार वर्षांपूर्वीचं पिल्लू

शेवटी आणखी एका पिल्लाबद्दल सांगते. १९१४ साली जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे एक फार जुनी कबर सापडली. तिच्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याजवळ एका कुत्र्याची हाडं होती. वय? चौदा हजार वर्षांहून जास्त! पुढे शास्त्रज्ञांनी त्या कुत्र्याचे दात बारकाईनं तपासले. २०१८ मध्ये त्यांनी सांगितलं, की ते अवघ्या सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला बहुधा डिस्टेंपर हा आजार झाला होता. एवढ्या आजारात ते कित्येक आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला ऊब दिली असणार, पाणी पाजलं असणार, स्वच्छ ठेवलं असणार. तेव्हा ना दवाखाना होता, ना सलाइन. त्या आजारी पिल्लाचा माणसांना काही उपयोगही नव्हता. तरी ते कुणीतरी त्याच्याजवळ बसलं.

भुऱ्याजवळ आजी बसल्या होत्या, तशाच. आज आपल्या हातात डिस्टेंपरची लस आहे, पार्व्होची लस आहे. त्या चौदा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडे नसलेलं सगळं आपल्याकडे आहे. मग एखादं पिल्लू केवळ आपल्या कंटाळ्यामुळे मरावं, हे बरं दिसेल का?

आणि घरी पिल्लू आणणं जमणारच नसेल, तरी वाईट वाटून घेऊ नका. जमत नसताना न आणणं, हेही प्रेमच आहे. फाटकापाशी पाण्याचं भांडं ठेवा. गल्लीतल्या कुत्र्यांना लस मिळावी म्हणून मोठ्यांच्या मागे लागा. सजीवांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे आपल्या संविधानातलं मूलभूत कर्तव्य आहे, हे तुम्ही नागरिकशास्त्रात वाचलंच असेल. ते पार पाडायला घरात कुत्रं असायलाच हवं, असं नाही.

खारी आता मोठी झाली आहे. म्हणजे तशी बुटकीच! तिचा दुसरा कान काही शेवटपर्यंत उभा राहिला नाही. दिवाळीत फटाक्यांना घाबरून ती पलंगाखाली बसली, तेव्हा भाचीही तिच्याजवळ पलंगाखाली बसली. यंदा घरात एकही फटाका आणायचा नाही, असं तिनं तेव्हाच जाहीर करून टाकलंय. तो वाढदिवसाचा मुलगा दर रविवारी सकाळी येतो आणि दोघं मिळून खारीला फिरवतात. पहिल्या रविवारी तो भाचीच्या बाबांना हळूच म्हणाला, "काका, मला पण ती रिकामी दोरी द्याल का?" बाबांनी माळ्यावरून आणखी एक दोरी काढून दिली.

तर मित्रांनो, तुम्हांलाही पिल्लू हवंय ना? मग उद्या पहाटे गजर लावा. घरात दोरी असेलच. पंधरा दिवस फिरवून पाहा, आणि कितव्या दिवशी कंटाळा आला ते आम्हांला अगदी खरं खरं लिहून कळवा. कळवाल ना?